डाव्या कानाखाली

३ फेब्रुवारी, मंगळवार

चौदा महिने या वहीला हात लावला नाही. माफी मागायची तर कोणाची, कागदाची? मागते. मागच्या पानावर ‘उद्यापासून रोज लिहायचं’ असं ठळक अक्षरात लिहिलंय, वर खाली दोन रेघाही मारल्यात! ते पान फाडून टाकावंसं वाटलं. नाही फाडलं. राहू दे तिथेच, माझ्याकडे बघत.

आज लिहायला बसले, कारण मास्तरांनी माझे दहा फोटो परत दिले.

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे, एक मार्चला, वाचनालयाच्या हॉलमध्ये. प्रत्येकाने एक मालिका द्यायची, विषय आपापला. मास्तर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डार्करूममध्ये त्यांच्या हाताखाली उभी राहिले त्याला बावीस वर्षं झाली. अजून त्यांच्यासमोर फोटो ठेवताना तळवे ओले होतात.

भिंग घेऊन त्यांनी एकेक फोटो पाहिला. सावकाश. “उत्तम. एकही चूक नाही.” मग भिंग खाली ठेवून: “फोकस कुठे आहे ते दिसलं. तुझं लक्ष कुठे होतं ते नाही दिसलं.”

“मग काय करू?”

“मला काय विचारतेस? मी फोकस शिकवला. तो तुला आला.”

खरं सांगायचं तर मला धक्का बसला नाही. हे मला ठाऊक होतं. त्यांनाही बऱ्याच वर्षांपासून ठाऊक असणार, हे मात्र लागलं.

५ फेब्रुवारी

पहाटे उठून दोन तास पायपीट. बंद दुकानाची शटरं, फुटपाथवर एकटीच ठेवलेली खुर्ची, दोरीवरचे ओले शर्ट. सत्तावीस फोटो. प्रकाश सुंदर, चौकट नेमकी.

कॅलेंडरवर शोभतील. कुणाच्या तरी बँकेच्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

स्टुडिओत एक गृहस्थ आले. नव्या नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता. “दहा वर्षं कमी करा बाई. पण ओळखू आलो पाहिजे!” मी सात कमी केली. बेहद्द खूश. “तुमच्या हातात जादू आहे.”

जादू कसली! डोळ्यांखालचं काळं, हनुवटीवरचे फोड, मानेवरच्या वळ्या. रेडिओ ऐकता ऐकता हात आपोआप चालतो. गाणं चांगलं लागलं तर जरा जास्तच साफ होतं. एकोणीस वर्षांत किती हजार चेहरे धुतले असतील? त्यांतला एक आठवून बघायचा प्रयत्न केला. कपाळं आठवली. हनुवट्या आठवल्या. चेहरा एकही नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ताईकडे जेवायला. मास्तरांचं बोलणं सांगितलं. वाटलं, बाजू घेईल. कसली घेते!

“बरोबर बोलले म्हातारे. तू लहानपणी भाजी निवडायचीस ना, तसे फोटो काढतेस. जरा किडकं दिसलं की टाक बाजूला. निम्मी जुडी केरात जायची. आई ओरडायची, आठवतंय?”

“तुला बरं आठवतं.”

“गणिताची मास्तरीण आहे मी. वजाबाकी लक्षात राहते.”

भाऊजी शब्दकोड्यातून डोकं न काढता हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, नुसता पेपर हलतो.

मग ताईने भिंतीकडे हात केला. “हे लाव की! नऊ वर्षांची मॉडेल आहे तुझी. एकदा तरी नखरे केलेत?”

नऊ फ्रेमा. दर नोव्हेंबरला, तिच्या वाढदिवशी, एक. सुरुवात आईच्या मृत्यूपासून झाली. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. धाकटी लेक फोटोग्राफर, आणि आईचा शेवटच्या अकरा वर्षांतला एकही फोटो घरात नाही! रोज समोर असलेल्या माणसाचा कोण काढतो? शेवटी तिच्या ओळखपत्रावरचा, कुण्या परक्याने काढलेला, मोठा करून लावला. आई त्यात घाबरलेली दिसते. ताई तेव्हाच म्हणाली होती, “बुटके, माझ्या वेळी ही फजिती नको. दर वर्षी एक काढून ठेवायचा.”

तेव्हापासून तेच स्टूल, तीच खिडकी. डावी बाजू कॅमेऱ्याकडे. मी म्हणते, “केस कानामागे घे,” आणि ती जुन्या नायिकेसारखी मान वेळावून घेते. फक्त त्या पाच मिनिटांपुरते. एरवी वर्षभर तिचे केस कानांवरून खाली मोकळे असतात, कारण कान सुपासारखे आहेत असं तिला शाळेत कुणीतरी म्हटलं होतं. बावन्न वर्षांची झाली तरी ते विसरत नाही.

नऊच्या नऊ ओळीने पाहिले. आपलेच फोटो पुन्हा बघावेसे वाटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ फोटो मास्तरांना दाखवले. या वेळी भिंग घेतलं नाही. चष्माही काढून ठेवला.

“हे तुझं आहे,” म्हणाले. मी श्वास सोडते न सोडते तोच: “पण या बाईला नऊ वर्षांत काहीच झालं नाही का गं?”

“झालं ना. गुडघे गेले, नोकरीत बढती झाली, मुलगा परदेशी गेला—”

“ते तू सांगतेयस. फोटो नाही सांगत. मूळ आण. टचिंग केलेले नकोत.”

“मी तिचे अगदी हलकेच करते, मास्तर.”

“हलकेच पुसलं तरी पुसलंच.”

जरा रागच आला. पण मूळ सगळे आहेत माझ्याकडे. मी कधीच काही फेकत नाही. शनिवारी दुपारी स्टुडिओ बंद ठेवून काढेन.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कसं लिहू?

क्रमाने लिहिते.

शटर अर्धं ओढून बसले. पहिल्या वर्षीचा मूळ फोटो उघडला. दुसऱ्या वर्षीचा, तिसऱ्या, चौथ्या. डोळ्यांखाली वर्तुळं, वरच्या ओठावर लव, कपाळावर आठी. ती आठी मी दर वर्षी काढत होते! आठीशिवाय ताई म्हणजे काय? मनात म्हटलं, मास्तर बरोबर म्हणतात. आनंदही झाला. हो, आनंद झाला, ते लिहायलाच हवं.

पाचव्या वर्षीच्या फोटोत डाव्या कानाखाली, जबड्याच्या मागे, एक काळा ठिपका. मोहरीएवढा. सहाव्यात मसुरीएवढा. सातव्यात त्याची एक कड फाटल्यासारखी. आठव्यात दोन रंग, एका बाजूला काळा, दुसरीकडे विटकरी. मागच्या नोव्हेंबरमध्ये माझ्या करंगळीच्या नखाएवढा. आणि इतका स्पष्ट! फोकस अगदी तिथेच. एकेक कंगोरा मोजावा.

धुतलेल्या फोटोंत तिथे काही नाही. गुळगुळीत.

माझी कामाची पद्धत अशी की प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा थर ठेवायचा आणि त्याला नाव द्यायचं. मास्तरांनी लावलेली शिस्त. पाचव्या वर्षाची फाइल उघडली. ‘डोळ्यांखाली’. ‘कपाळ’. ‘ओठ’. ‘डावा कान, खाली’. सहाव्यातही तेच. सातव्यात, आठव्यातही.

मागच्या नोव्हेंबरच्या फाइलीत: ‘डावा कान, खाली — मोठा’.

‘मोठा’ असं टाइप केलंय मी. माझ्या या बोटांनी. म्हणजे दिसला होता. मोठा झाल्याचंही कळलं होतं. नाव दिलं, पुसला, फाइल बंद केली. त्या वेळी रेडिओवर काय लागलं होतं कोण जाणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच ताईकडे. ती गच्चीत केस वाळवत बसली होती.

“पांढरे किती झालेत बघू.”

“सगळे झालेत. मोजतेस कशाला?”

केस बाजूला केले. आहे. आता फुगलाय, आणि एका टोकाला खपली.

“ही खपली कधीची गं?”

“कंगवा लागतो तिथे. का? काय आहे?”

“चामखिळीसारखं काहीतरी. मला आत्ता दिसलं. डॉक्टरला दाखवू या.”

‘आत्ता’. एवढा एकच शब्द खोटा. बाकी सगळं खरं बोलले.

“चामखिळीसाठी डॉक्टर? बुटके, तुला काही कामधंदा नाही का?” पण माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “बरं. जाऊ.”

१७ फेब्रुवारी, मंगळवार

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलतात कमी. भिंगातून पाहिलं. अगदी मास्तरांसारखं, सावकाश.

“कधीपासून आहे?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीलगतच्या वजनकाट्याकडे. त्याचा काटा शून्याच्या किंचित पुढे होता.

“नवीनच असावं,” ताई म्हणाली. “हिला परवा दिसलं.”

तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने रिपोर्ट. बाहेर आल्यावर ताई म्हणते, “चला, एवढ्याशाने वजन कमी झालं माझं!” भाऊजी हसले नाहीत. या वेळी पेपरही नव्हता हातात.

१९ फेब्रुवारी

ठिपका असलेले पाचही मूळ फोटो निवडले. ‘काढून टाका’वर बाण नेऊन दाबलं. संगणकाने विचारलं — नक्की?

मी कधी कुणाला असं विचारलं नाही.

नाही काढले.

२० फेब्रुवारी

दोन गिऱ्हाइकं. टचिंग केलं नाही. म्हटलं, आहेत तसेच घेऊन जा. एक बाई चिडून न घेताच गेल्या. “आमचे पैसे काय वर आलेत?” बरोबर आहे त्यांचं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांना सगळं सांगितलं. मूळही दाखवले. पाचवा फोटो समोर येताच त्यांनी हात उचलला, पुढचे नको म्हणून. मग स्वतःच पुढचे पाहिले.

शेवटचा खाली ठेवून: “पहिल्या दिवशी तुझ्या हातात मी कॅमेरा नव्हता दिला. ब्रश दिला होता.”

खरंय. तीन केसांचा ब्रश. प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके पडायचे, ते शाई लावून भरायचे. महिनाभर तेवढंच. मी सगळ्यांत वेगाने भरायची. मास्तर इतरांना माझे प्रिंट दाखवायचे: बघा, सांगा ठिपका कुठे होता!

आता एक गोष्ट लिहायचीय जी मी त्यांना सांगितली नाही. मूळ फोटो टेबलावर ओळीने मांडले तेव्हा मनात आलं: हॉलमध्ये यांच्यापुढे कुणाचंच काही टिकणार नाही. चहाचा कप उचलून तोंडाला लावेपर्यंतच आलं, पण आलं. माझ्या बहिणीच्या मानेवर हे वाढतंय आणि मी मनात भिंतीवर फ्रेमा लावतेय. हेच का ते, लक्ष? हेच असेल तर मला नको.

मास्तरांनी बहुतेक ओळखलं. म्हणाले, “प्रदर्शन गेलं खड्ड्यात. तिला दाखवलंस?”

“नाही.”

“मग मला काय दाखवत बसलीस!”

इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले.

२२ फेब्रुवारी

ताईकडे गेले. दाखवायला. ती परदेशातल्या लेकाशी फोनवर बोलत होती, “काही नाही रे, चामखीळ आहे, तुझी मावशी उगाच घाबरवते.” मला बघून डोळा मारला. परत आले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. वाईट आहे.

त्वचेचा कॅन्सर. खोल गेलाय. मोठं ऑपरेशन, मानेतल्या गाठींची तपासणी, मग ठरवायचं. डॉक्टरीणबाई कागदावर चित्र काढून समजावत होत्या. ताई ते चित्र विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसं बघत होती. एके ठिकाणी म्हणाली, “ही रेघ सरळ नाही आली तुमची.” बाई एवढंसं हसल्या.

“इतकं खोल जायला सहसा वेळ लागतो,” बाई म्हणाल्या. “किती वेगाने वाढलं ते कळलं तर मला पुढचं ठरवायला बरं पडेल. जुने फोटो आहेत का, मानेची ही बाजू दिसेल असे?”

ताईचा चेहरा उजळला! आज दिवसभरात पहिल्यांदा.

“फोटोंचं विचारू नका! घरची फोटोग्राफर आहे. नऊ वर्षं, दर नोव्हेंबरला, हीच बाजू!”

२५ फेब्रुवारी

पाचही मूळ एका पेन ड्राइव्हवर घेतले. उद्या दवाखान्यातच सांगणार. आधी बाईंना, मग त्यांच्यासमोर ताईला. वाक्यसुद्धा पाठ केलंय. “ताई, मी हे पुसलं होतं.” साधे पाच शब्द. पाच वर्षांना पाच.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईने भिंत रिकामी करून आणली.

नऊच्या नऊ फ्रेमा दोन कापडी पिशव्यांत. एकेक पिशवी भाऊजींच्या एकेका हातात, खांदे खाली ओढलेले. बाईंच्या टेबलावर एकेक फ्रेम ठेवत ताई वर्ष सांगत होती. वर्गात पट घ्यावा तशी. बाई प्रत्येक काचेवर वाकून बघत होत्या.

“मागच्या नोव्हेंबरपर्यंत अगदी स्वच्छ आहे,” म्हणाल्या.

“स्वच्छच असणार,” ताई म्हणाली. “मी म्हटलं ना, नवीन आहे.”

बाईंनी लिहिलं. उलट्या बाजूनेही मला वाचता आलं: कालावधी — चार महिन्यांहून कमी. मग पेन थांबवून म्हणाल्या, “म्हणजे फारच वेगाने वाढतंय.” भाऊजींनी खुर्चीचा हात धरला. ऑपरेशन सोमवारीच, आधी ठरलेल्या चार तारखेपर्यंत थांबायचं नाही, आणि आधी सांगितलं होतं त्याहून जास्त भाग काढायचा.

पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. पर्स मांडीवर होती. हात पर्सवर होता.

मी बोलले नाही.

का? प्रामाणिकपणे लिही. ताईचा चेहरा. इतक्या अभिमानाने त्या फ्रेमा मांडत होती. ‘आमची बुटकी’ म्हणत होती. त्या एका क्षणी तिच्याकडून ते काढून घेणं... नाही. हे खोटं आहे. खोटं म्हणजे अर्धं. दुसरं अर्धं असं की मी भ्याले. तिच्या चेहऱ्यामागे लपले.

येताना एक पिशवी मी घेतली. नऊ काचा एकमेकींवर वाजत होत्या.

मास्तरांच्या मते मी माझ्या फोटोंत दिसत नाही. दिसते की. पाच फोटोंत दिसते. डाव्या कानाखाली, जिथे काहीच नाही तिथे.

२७ फेब्रुवारी

मास्तरांना कळवलं, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. “देणार नाही,” म्हणाले. “रिकामी राहील.” फोन ठेवला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी ताईचा फोन. उगाचच. भाऊजी औषधं आणायला गेले होते, घरात एकटी होती.

“बुटके, एक गंमत सांगू? हसशील. तिथे बोट लागायचं मला. केस विंचरताना. दोन-तीन वर्षं तरी. आरशात काही ती जागा दिसत नाही, आणि ह्यांना दाखवायची म्हणजे लगेच डॉक्टर! मग तुझा वाढदिवसाचा फोटो आला की आधी मी तिथेच बघायची. चष्मा लावून. काही नसायचंच गं! म्हणायची, हिच्या कॅमेऱ्यातून सुटलं नसतं. आपल्याच मनाचे खेळ. की मग वर्षभर निवांत.”

उद्या: सकाळी, प्रदर्शन उघडण्याआधी, पाचही मूळ फोटो ताईच्या हातात देणे.